परसातली कण्हेर : लावा, पण जपून



पुण्याच्या आसपासच्या गावांत दारापुढं देवपूजेच्या फुलांसाठी एखादं झुडूप हवंच असतं. बारमाही हिरवी, कमी पाण्यावर तगणारी कण्हेर त्याला सोयीची. पांढरी, गुलाबी, तांबडी असे तिचे रंग. मोठ्या रस्त्यांच्या दुभाजकात ती लावतात, कारण ऊन, धूळ आणि पाण्याची ओढ ती सोसते.

लागवड पावसाळ्याच्या तोंडाशी करा. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, वीतभर लांबीचे फाटे कापा. खालची पाने काढा आणि निम्मा फाटा मातीत खोचा. मुळे धरल्यावर दीड फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात माती व शेणखत भरून रोप लावा. जागा भरपूर उन्हाची, पाण्याचा निचरा होणारी असावी. दोन झाडांत पाच-सहा फूट अंतर ठेवा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदोनदा पाणी द्या. पुढे फारसे लागत नाही.

फुले नव्या फुटीच्या शेंड्यावर येतात. म्हणून बहर ओसरला की छाटणी करा. कोवळ्या शेंड्यांवर पिवळा मावा दिसला तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा.

आता सर्वांत महत्त्वाचे. कण्हेरीचे पान, फूल, खोड, मूळ, चीक, सारे विषारी आहे. ते हृदयावर घाला घालते. हिरवे पान कडू म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही. पण छाटलेला पाला वाळून कडब्यात मिसळला की खाऊन जाते. वाळल्याने विष जात नाही! मूठ-दोन मूठ पाल्यानेही मोठे जनावर दगावू शकते.

म्हणून गोठा, गव्हाण आणि पाण्याचा हौद यांपासून झाड लांब लावा. छाटणीचा पाला मोजून गोळा करा आणि खोल पुरा. जाळू नका, धूरही बाधतो. काडीचे दातवण करू नका. छाटणीनंतर हात स्वच्छ धुवा. बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, हे वेगळे झाड; पण तिच्या बियाही तितक्याच घातक. पोरांना बिट्ट्यांशी खेळू देऊ नका.

जनावर लाळ गाळू लागले, हगवण लागली, अडखळू लागले, तर घरगुती औषधात वेळ घालवू नका. पशुवैद्यकाला बोलवा. माणसाच्या पोटात गेले तर तडक दवाखाना गाठा आणि सोबत झाडाची फांदी न्या.

एवढी काळजी घेतलीत, तर कण्हेर दाराची शोभा वर्षानुवर्षे वाढवील.