हवी तेवढीच हवा

नाशिकहून गुजरातकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सह्याद्रीच्या डोंगरात पेठ हे तालुक्याचे गाव आहे. अशा डोंगराळ भागात बांबूच्या पोकळ नळीचे एक साधे खेळणे करता येते. नळीच्या दोन्ही टोकांना ओल्या कागदाचा एकेक बोळा घट्ट बसवायचा. मग एका बाजूचा बोळा काडीने जोरात आत ढकलायचा. 'फट्' असा आवाज होतो आणि पुढचा बोळा उडून जातो. काडी तर त्या बोळ्याला लागलेलीही नसते. मग त्याला ढकलले कोणी? हवेने!

दोन बोळ्यांच्या मध्ये हवा कोंडलेली असते. काडी आत जाते तशी हवेची जागा कमी होते आणि तिचा दाब वाढतो. दाबलेली हवा बाहेर पडण्याची वाट शोधते आणि पुढच्या बोळ्याला ढकलून देते.

मुलांनो, 'हवा' हा शब्द तुमच्या उर्दूतही आहे. मराठीत मात्र त्याला आणखी एक अर्थ आहे. 'मला चहा हवा' म्हणजे मला चहा पाहिजे. हे दोन्ही अर्थ ध्यानात ठेवा. आज आपण ज्या एअर पिस्तुलाची माहिती घेणार आहोत, त्याचे सारे मर्म 'हवी तेवढीच हवा' या तीन शब्दांत आहे.

नेमबाजी हा ऑलिंपिकमधील खेळ आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी नाशिकमध्ये या खेळाचे धडे घेतले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्यांच्या रायफलीत दारूची काडतुसे असतात. त्याच ऑलिंपिकमध्ये मनू भाकर यांनी १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक जिंकले. या पिस्तुलात दारू नसते. त्यातून शिशाचा लहानसा छर्रा उडतो, तो केवळ दाबलेल्या हवेच्या बळावर.

हा छर्रा ४.५ मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचे वजन सुमारे अर्धा ग्रॅम असते. तो सेकंदाला सुमारे १५० मीटर वेगाने निघतो. समोर १० मीटरवर निशाण असते. निशाणाच्या मधल्या वर्तुळाला १० गुण असतात आणि त्या वर्तुळाचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर असतो. शर्टाच्या बटणाएवढेच म्हणा ना!

आता तुम्ही विचाराल, "जोर वाढवला तर नेम अधिक चांगला लागेल ना?" नाही. येथे जोर जास्त असण्यापेक्षा तो प्रत्येक वेळी सारखा असणे महत्त्वाचे आहे. कसे ते पाहू. नळीतून सुटलेला छर्रा पुढे जाता जाता थोडा खालीही येतो. वेग १५० मीटर असेल, तर १० मीटर अंतरात तो सुमारे २२ मिलिमीटर खाली येतो. नेमबाज हे आधीच हिशेबात धरून पिस्तुलाची माशी जुळवून ठेवतो. पण पुढच्या वेळी वेग १२० मीटरच झाला, तर तोच छर्रा सुमारे ३४ मिलिमीटर खाली येईल. हात स्थिर होता, नजर स्थिर होती, तरीही १० गुणांच्या जागी ९ मिळतील! स्पर्धेत ६० वेळा नेम धरायचा असतो. एकेका गुणाने पदक हुकते.

पूर्वी अनेक पिस्तुलांत हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू वापरत. तो टाकीत द्रवरूपात भरलेला असे. या वायूची एक अडचण होती. त्याचा दाब तापमानाप्रमाणे बदलतो. २० अंश सेल्सिअस तापमानाला तो साध्या हवेच्या दाबाच्या सुमारे ५६ पट असतो, तर १० अंशांना सुमारे ४४ पट. म्हणजे पेठच्या डोंगरात डिसेंबरच्या पहाटे छर्रा हळू जाणार आणि मे महिन्याच्या दुपारी वेगाने जाणार. शिवाय भराभर छर्रे सोडले, की टाकीतील द्रवाची वाफ होते आणि टाकी गार पडते. माठातील पाणी याच कारणाने गार होते.

म्हणून आता स्पर्धेच्या पिस्तुलात बहुधा दाबलेली हवा वापरतात. भरलेल्या टाकीत हवेचा दाब नेहमीच्या सुमारे २०० पट असतो. प्रत्येक छर्ऱ्यानंतर हा दाब थोडा उतरतो. तरी नळीत जाणारी हवा मात्र सारख्याच दाबाने जाते, कारण मध्ये रेग्युलेटर असतो. स्वयंपाकघरातील गॅसच्या सिलिंडरवर तुम्ही तो पाहिला असेल. सिलिंडर भरलेला असो वा निम्मा, शेगडीची ज्योत एकसारखी राहते.

रेग्युलेटरच्या पुढे एक झडप असते. चाप ओढला, की एक छोटा हातोडा झडपेवर आपटतो. झडप क्षणभर उघडते आणि ठरावीक हवा छर्ऱ्यामागे जाते. हातोड्याच्या स्प्रिंगचा ताण बदलला, की झडप कमी-अधिक वेळ उघडी राहते आणि वेग बदलतो. पण ताण वाढवत गेले म्हणून वेग वाढतच जात नाही. छर्रा नळीबाहेर पडल्यानंतर आलेली हवा काय कामाची? ती नुसता आवाज करते आणि टाकी लवकर रिकामी होते. म्हणून जाणकार कारागीर वेग मोजण्याचे यंत्र समोर ठेवून, छर्रे सारख्या वेगाने जातील असा ताण ठरवतो.

हे काम घरी करून पाहण्याचे नाही. वेग दुप्पट केला, तर छर्ऱ्याची ऊर्जा चौपट होते. साधा छर्राही डोळ्याला लागला तर डोळा कायमचा जाऊ शकतो. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. एअर गनने रानपाखरे मारणे हाही कायद्याने गुन्हा आहे. पिस्तूल रिकामे आहे असे वाटले, तरी ते कोणावर रोखायचे नाही, हा या खेळाचा पहिला धडा आहे.

आता पुन्हा बांबूच्या नळीकडे वळू. नळीचे तोंड मोकळ्या जागेकडे करा. समोर कोणी नाही याची खात्री करा. दहा बोळे उडवा आणि प्रत्येक बोळा कोठे पडतो तेथे खूण करा. सर्वांत लांब कोणता गेला, ते पाहू नका. दहाही बोळे जवळजवळ एकाच जागी पडले का, ते पाहा. ते ज्याला साधले, त्याला नेमबाजीचे निम्मे रहस्य कळले!