तान्ह्या बाळाचं खेळणं : सांभाळणाऱ्या ताईंनी काय पाहावं

० ते ३ महिने : बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं सर्वांत स्पष्ट दिसतं. काळी-पांढरी ठळक चित्रं पुरतात. खरं खेळणं म्हणजे जवळ आलेला, बोलणारा चेहरा.

४ ते ६ महिने : हात पुढे येतो, वस्तू थेट तोंडात जाते. हलका खुळखुळा, धुता येणारं कापडी पुस्तक. बाळ हातापायांवर उठू लागलं की पाळण्यावरचं चिमणाळं काढायचं.

७ ते १२ महिने : लपवलेली वस्तू बाळ शोधतं. वाट्या, डबे, चेंडू. चिमटीत बारीक वस्तूही येते, म्हणून जमिनीवर नजर हवी.

धोका कशाचा?
- ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी-नळीत मावणारा सुटा भाग तीन वर्षांखालच्या मुलांसाठी धोक्याचा मानतात.
- बटण बॅटरी सर्वांत घातक. गिळल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नुसती शंका आली तरी थेट रुग्णालय गाठायचं. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.
- लांब दोरी, सुटे चुंबक, फुगे नकोत.
- झोपताना बाळ पाठीवर. अंथरुणात उशी किंवा मऊ खेळणं नाही.

शिक्का : १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे. त्यामुळे हस्तकलेचं लाकडी खेळणं घेताना रंग, कडा आणि सांधे स्वतः तपासायचे.

मोबाइल : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांनुसार एक वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको. हे आई-वडील आणि ताईंनी पहिल्याच दिवशी बोलून ठरवायचं.