मोटारीच्या छताची काच : निगा व दुरुस्ती

मोटारीच्या छतातील सरकत्या काचेला सनरूफ म्हणतात. एके काळी ती केवळ श्रीमंतांच्या गाड्यांत दिसे; आता मध्यमवर्गीयांच्या गाड्यांतही ती आली आहे. ती अडकली की पहिला ठपका चालकावर येतो. आमच्या संघटनेतील एका चालकाच्या पगारातून तिच्या दुरुस्तीचा खर्च कापला गेला होता. म्हणून ही काच का अडते, हे मालक व चालक या दोघांनीही समजून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

काच दोन बाजूंच्या खाचांतून सरकते. विजेवर चालणारी एक लहान मोटर दोन तारा ढकलते व ओढते, आणि त्या तारा काचेच्या दोन्ही कडा बरोबरीने सरकवतात. खाचेत धूळ आणि वाळलेले ग्रीस साचले की एक कड मागे राहते, काच तिरकी होते व अडते. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबले किंवा काच हाताने रेटली, तर तार नाही तर तिला धरणारा प्लॅस्टिकचा तुकडा मोडतो.

उपाय सोपा आहे. काच उघडेल तितकी उघडून गाडी बंद करावी. मऊ ब्रशाने खाचा झाडाव्यात, जुने काळे ग्रीस फडक्याने पुसून काढावे आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले ग्रीस बोटाने पातळसे लावावे. इंजिनचे तेल घालू नये. त्यावर धूळ बसते. रबरी पट्टी ओल्या फडक्याने पुसून, वाळल्यावर तिला सिलिकोनचे वंगण लावावे. खनिज तेलाने असे रबर फुगते. मग काच दोन-तीन वेळा उघडून मिटावी.

रबरी पट्टी सगळे पाणी अडवते, हा गैरसमज आहे. थोडे पाणी आत येतेच. ते काचेभोवतीच्या पन्हळीत पडते व कोपऱ्यांतील नळ्यांतून गाडीखाली जाते. पाल्याने नळी तुंबली की तेच पाणी आसनावर ठिबकते. कोपऱ्यात अर्धा कप पाणी सावकाश ओतून पाहावे. खाली थेंब पडले नाहीत, तर जाड नायलॉनचा दोरा हलक्या हाताने नळीत सारावा. जोराची हवा मारू नये. आतला सांधा निसटतो.

पावसाळ्यापूर्वी आपण कौलारू घर शाकारतो, तसेच हे काम मेअखेर एकदा आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा करावे. मोटरचा आवाजच नसेल, तर फ्यूज पाहावा. तोही ठीक असेल किंवा काही मोडल्याचा आवाज आला असेल, तर गाडी कारागिराकडे न्यावी. त्याला छताचे अस्तर उतरवावे लागते, तेव्हा त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये.

निगा राखण्याचे हे काम चालकाकडे सोपवायचे असेल, तर त्याला त्यासाठी पगारी वेळ द्यावा. निगेवाचून यंत्र अडले, तर त्याचा दंड माणसाच्या पगारावर बसवणे न्यायाचे नाही.