मोठं इंजिन म्हणजे फुगवलेलं छोटं इंजिन नव्हे

धुळ्याच्या उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गावरचं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखलं जातं. हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालणाऱ्या रॉकेटची टाकी मात्र या धातूंची चालत नाही. तांब्याला लागताच तीव्र पेरॉक्साइडचं विघटन होऊन वाफ आणि ऑक्सिजन उसळतो. १६ जून १९५५ला ब्रिटनच्या ‘सिडॉन’ पाणबुडीत टॉर्पेडोतलं पेरॉक्साइड गळालं आणि स्फोट झाला. त्या अपघातात १३ जण गेले.

गैरसमज : रॉकेटचं पेरॉक्साइड म्हणजे औषधाच्या दुकानातली बाटलीच, फक्त मोठी.

रेणू एकच, पण बाटलीत तो साधारण ३ ते ६ टक्के असतो. कल्याणच्या नॅशनल पेरॉक्साइड कंपनीचा माल कापड-कागदाच्या ब्लीचिंगला जातो. रॉकेटला साधारण ८५ टक्के किंवा त्याहून तीव्र द्रव लागतो. विघटन घडवणाऱ्या चांदीच्या जाळीवर ९० टक्क्यांचा सोडला की सुमारे ७५० अंशांची वाफ मिळते. ९८ टक्क्यांवर तापमान चांदीच्या वितळणबिंदूच्या (९६१ अंश) जवळ जातं. द्रव कसदार करत गेलं तर जाळीच हातची जायची!

गैरसमज : सगळी मापं वाढवली की जोर वाढला.

खरी अडचण इथेच आहे. जाळीच्या ठरावीक क्षेत्रातून सेकंदाला ठरावीकच द्रव नीट फुटतो. जास्त लोटला तर काही न फुटताच पलीकडे जातो. म्हणून जाळी रुंद करायची, तर दाबाने ती वाकू नये म्हणून आधाराची चकती जाड करावी लागते, वजन वाढतं. शिवाय द्रव कडेकडेने वाट काढतो. ब्रिटिशांनी एकच अगडबंब ज्वलनकक्ष करण्याऐवजी छोटे कक्ष जोडले. ‘ब्लॅक नाइट’ रॉकेटला चार होते, ‘ब्लॅक ॲरो’च्या पहिल्या टप्प्याला आठ. त्यानेच २८ ऑक्टोबर १९७१ला ‘प्रॉस्पेरो’ उपग्रह कक्षेत नेला. पण आठ कक्ष म्हणजे नळ्या, झडपा, सांधे वाढले, आणि गळतीच्या जागाही. मला तरी हा सौदा शहाणपणाचा वाटतो.

गैरसमज : टाकी मोठी केली की धातू वाचतो.

दाब तोच ठेवून व्यास दुप्पट केला, तर भिंतही दुप्पट जाड लागते. लिटरमागे धातू तेवढाच. म्हणून मोठ्या रॉकेटांत टाकी हलकी ठेवून पंप बसवतात. सोयूझ रॉकेटच्या पंपांचं टर्बाइन आजही पेरॉक्साइडच्याच वाफेवर फिरतं.

गैरसमज : साठा मोठा, तेवढा तो लवकर खराब होतो.

विघटन बहुतेक भिंतीलगत होतं आणि मोठ्या टाकीत लिटरमागे भिंत कमी येते, त्यामुळे स्वच्छ साठा उलट जास्त टिकतो. गंज किंवा धूळ आत गेली, की मात्र तीच कमी भिंत उष्णता बाहेर सोडत नाही. तापमान चढतं, विघटन आणखी वेग घेतं. म्हणून टाकी शुद्ध ॲल्युमिनियमची करतात, तिला दाब सोडणारी वाट ठेवतात आणि तापमापक कायम नजरेखाली असतो.