झाकलेले नाव

रत्नागिरी जिल्ह्यातील आंजर्ले हे समुद्रकाठचे गाव. अशा गावात कोण कोणाचा, हे सर्वांस ठाऊक असते. त्यामुळे बोलणाऱ्याचे म्हणणे ऐकण्यापूर्वीच त्याचे वय, घराणे व मान मोजला जातो. लहानाचे खरे बोलणेही मग पुष्कळदा वाऱ्यावर जाते.

पण बोलणाऱ्याचे नाव झाकले तर? मग पारख केवळ शब्दांची होते.

भाऊ महाजन यांनी १८४१ साली मुंबईस ‘प्रभाकर’ हे साप्ताहिक काढले. त्यात १८४८ पासून ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे येऊ लागली. जुन्या रूढींवर व ब्राह्मणांच्या दोषांवर त्यांत कडक टीका असे. लेखक होते गोपाळ हरि देशमुख. वय अवघे पंचवीस, आणि स्वतः ब्राह्मण! ती १०८ पत्रे ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत.

आज संगणकाच्या पडद्यावर, चित्रांवाचून, निव्वळ अक्षरांनी अशाच चर्चा चालतात. तेथे टोपणनावाआड थोर व सामान्य एका पंक्तीस बसतात. परंतु याच पडद्याआडून निंदा करणेही सोपे असते. लोकहितवादींनी नाव झाकले, तरी ही पत्रे एक ठरावीक टोपणनाव धरून लिहिली. म्हणून प्रत्येक शब्दाची जबाबदारी त्या नावावर राहिली.

तेव्हा मुलांनो, नाव न देता लिहाल, तेव्हा मनास एवढेच विचारा : उद्या माझे नाव उघड झाले, तर हेच वाक्य मी पुन्हा लिहीन काय?