शिडाच्या नौकेवरील डिझेल इंजिनाचे इशारे : अर्थबोध आणि दोषशोध

प्रस्तावना : शिडाच्या नौकेचे मुख्य बळ वारा हे असले, तरी बंदरात शिरताना, वारा पूर्णपणे पडला असताना आणि बॅटरी चार्ज करण्यासाठी तिला लहान डिझेल इंजिनाचा आधार घ्यावा लागतो. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा एकाकी प्रवासात तर इंजिनाजवळ बसून राहण्यास दुसरे कोणीही नसते. सर्वसाधारण नौकेवरही इंजिन खाली बंदिस्त कप्प्यात आणि सुकाणू धरणारा वर उघड्यावर असतो. या दोघांमधील दुवा म्हणजे किल्ली, दोन-तीन दिवे व एक बझर असलेले छोटे पॅनेल. हा बझर वाजल्यावर कोणता अर्थ घ्यावा आणि कोणत्या क्रमाने शोध घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

इशाऱ्याची रचना : पॅनेलवरील दिवा बिघाड ओळखत नाही. इंजिनाच्या ठोकळ्यात बसविलेला एक स्विच मिटला आणि विद्युत परिपथ पूर्ण झाला, एवढेच तो सांगतो. बहुतेक लहान इंजिनांत या स्विचला एकच तार असते. परतीचा मार्ग ठोकळ्याच्या धातूतून जातो. तेलदाबाचा स्विच दाब नसताना मिटलेला असतो व दाब चढताच उघडतो. तापमानाचा स्विच याच्या उलट, थंड असताना उघडा असतो. म्हणून किल्ली फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तेलाचा दिवा लागणे व बझर वाजणे हेच प्रकृतीचे लक्षण होय. त्या क्षणी पॅनेल गप्प राहिले तर ती शांतताच पहिला बिघाड समजावी. अनेक नौकाधारक या शांततेकडे दुर्लक्ष करतात, ही गोष्ट खेदाची आहे. कारण मुका झालेला बझर पुढे तेल संपले तरी मुकाच राहणार असतो.

तेलदाबाचा इशारा : चालू इंजिनात हा इशारा आल्यास इंजिन तत्काळ बंद करणे हाच नियम आहे. दाबाखालील तेलाचा थर नाहीसा झाल्यावर बेअरिंगे फार थोड्या वेळात निकामी होतात. मात्र खडकाळ किनारा जवळ असेल तर आधी शीड उभारावे किंवा नांगर टाकण्याची तयारी करावी, हे तारतम्य नाविकाला ठेवावेच लागते. येथे आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते; त्यामुळे पुष्कळ जुन्या इंजिनांत किल्ली बंद केल्याने इंजिन थांबत नाही, बझर मात्र थांबतो. इंजिन थांबविण्यासाठी इंधन तोडणारी वेगळी दोरी ओढावी लागते. कर्कश आवाजाला कंटाळून किल्ली फिरविणारा मनुष्य इंजिन नव्हे, केवळ साक्षीदार बंद करतो.

इंजिन थांबल्यावर प्रथम तेलाची पातळी पाहावी. पातळी कमी असल्यास कारण उघड आहे. ती वाढलेली असून तेलाला डिझेलचा वास येत असेल, तर इंधनपंपाचा पडदा फाटून डिझेल तेलात मिसळल्याची शक्यता असते. असे पातळ तेल दाब धरत नाही. नौका वाऱ्याने एका बाजूला फार कलली असता तेल कडेला जाते, शोषनळी हवा ओढते आणि इशारा क्षणभर उमटतो. हा दोष शिडाच्या नौकेचाच. मोटारगाडीच्या कारागिराला तो सहसा सुचत नाही.

तेल योग्य असल्यास विद्युतबाजू तपासावी. इंजिन बंद व किल्ली चालू ठेवून स्विचवरील तार काढावी. तरीही बझर वाजत राहिला तर तार कोठेतरी घासून ठोकळ्याला टेकली आहे. तो थांबला तर तार निर्दोष आहे. तेवढ्यावरून मात्र स्विच दोषी ठरत नाही. स्विचच्या जागी यांत्रिक दाबमापक बसवून इंजिन अल्पकाळ चालविल्याशिवाय हा निर्णय करू नये. उलट, बझर मुळातच मुका असेल तर काढलेली तार ठोकळ्याच्या स्वच्छ धातूला टेकवावी. तो वाजल्यास दोष स्विचमध्ये, न वाजल्यास तार, फ्यूज, जोडणी किंवा बझर यांत असतो. खाऱ्या तुषारांनी हिरवट झालेल्या जोडण्या हे याचे नेहमीचे कारण. काही धातूच्या नौकांवर परतीची तार स्वतंत्र असते. तेथे ही चाचणी लागू पडत नाही.

चार्जिंगचा दिवा : हा दिवा केवळ सूचक नसतो. पुष्कळ अल्टरनेटरांना आरंभीचा उत्तेजक प्रवाह या दिव्यातूनच मिळतो, त्यामुळे दिवा जळून गेल्यास अल्टरनेटर वीज निर्माण करीतच नाही, असेही घडते. इंजिन चालू असता हा दिवा लागला तर प्रथम पट्टा पाहावा. अनेक इंजिनांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवितो. तो तुटला असेल तर चार्जिंगमागोमाग तापमानाचा इशारा येणारच.

तापमानाचा इशारा : इशारा येताच नौकेच्या मागील धुराच्या नळीकडे पाहावे. तिच्यातून पाणी नेहमीप्रमाणे पडत असेल तर वेग कमी करून इंजिन थोडा वेळ विनाभार चालू देणे इष्ट. एकदम बंद केल्यास पाण्याचे अभिसरण थांबून ठोकळ्याचे तापमान आणखी चढते. पाणी पडत नसेल तर इंजिन लगेच थांबवावे. त्यानंतर तळाची समुद्रपाण्याची झडप, गाळणी आणि पंपातील रबरी पात्यांचे चक्र या क्रमाने शोध घ्यावा. झडप उघडण्यास विसरणे किंवा तोंडाशी प्लॅस्टिकची पिशवी अडकणे ही कारणे क्षुल्लक वाटतात, पण ती वारंवार आढळतात. कोरड्या चाललेल्या पंपाची पाती लवकर तुटतात. त्यांचे तुकडे पुढे उष्णता-विनिमयकात अडकतात. म्हणून नवे चक्र बसविण्यापूर्वी जुन्या पात्यांचे सर्व तुकडे मोजून मिळवावेत.

समुद्राच्या पाण्याने थेट थंड होणारे इंजिन मुद्दाम कमी तापमानावर चालवितात, कारण अधिक उष्णतेत आत क्षार साचतात. त्याचा स्विच सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला मिटतो. गोड्या पाण्याच्या बंद अभिसरणाचा सुमारे ९५ अंशांना. दोन्हींचे आटे जुळले म्हणून एकाच्या जागी दुसरा बसविल्यास इशारा फार उशिरा येईल. काढलेला स्विच पाण्याच्या भांड्यात तापमापकासह तापवून मल्टिमीटरने पारखता येतो. ९५ अंशांचा स्विच पाणी उकळण्याच्या थोडा आधी मिटला पाहिजे.

अचूक स्विचलाही एक मर्यादा आहे. तो पाण्यात बुडालेला असतानाच पाण्याची उष्णता जाणतो. नळी फुटून बंद अभिसरणातील पाणी निघून गेले, तर त्याचे टोक हवेत उघडे पडते आणि ठोकळा तापत असतानाही दिवा विझलेला राहू शकतो. या वेळी धुराच्या नळीतून समुद्राचे पाणीही नेहमीसारखेच पडत असते, कारण त्याचा मार्ग वेगळा असतो. अशा प्रसंगी तापलेल्या रंगाचा वास, कप्प्यातील वाफ आणि तळाशी साचलेले रंगीत शीतकद्रव एवढ्याच खुणा उरतात. त्यांसाठी इंजिनाचा कप्पा उघडूनच पाहावा लागतो.