होडीवरची सावली



सावली करण्याची विद्या आपल्याला कोणी मुद्दाम शिकविलेली नाही. लग्नाचा मांडव, आठवड्याच्या बाजारातील पाल, शेतातील खोपट ही सारी त्याच विद्येची रूपे होत. परंतु जमिनीवरची ही विद्या पाण्यावर जशीच्या तशी नेली, तर ती घात करू शकते. कारण जमीन स्थिर असते आणि होडी डोलते. हौसेने फिरावयाच्या लहानशा मोटारहोडीवर उन्हासाठी छत निवडताना काय पाहावे, हे आज आपल्याला सांगावयाचे आहे.

भिलाईतील खुर्सीपार ही पोलादाच्या कारखान्याभोवती वाढलेल्या नगरातील एक वस्ती. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. आता अशी कल्पना करा, की खुर्सीपारच्या चार मित्रांनी मिळून चौदा फुटांची एक होडी घेतली आहे. रीतसर परवानगी काढून ती धमतरीजवळच्या गंगरेल धरणाच्या जलाशयावर न्यावयाची आहे. महानदीवरील हा जलाशय विस्तीर्ण आहे. मे महिन्यात त्यावरील ऊन सोसवत नाही. साहजिकच छताचा विचार निघतो, आणि पोलादाच्या गावी पहिली सूचना ठरलेली असते: ‘लोखंडी नळ्या जोडू आणि वर पत्रा ठोकू.’

ही सूचना हिशेबाने तपासून पाहू. छत दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद, म्हणजे तीन चौरस मीटर धरू. अर्ध्या मिलिमीटर जाडीचा साधा लोखंडी पत्रा एवढ्या छताला सुमारे बारा किलो भरतो. पंचवीस मिलिमीटर व्यासाची आणि दोन मिलिमीटर जाडीची नळी बारा मीटर लागली, तर तिचे आणखी साडेतेरा किलो होतात. तीच नळी ॲल्युमिनियमची घेतली, तर पाच किलोंच्या आत काम भागते, आणि वरचे चांगले कापड किलोभराचेच असते. एकीकडे पंचवीस किलो, दुसरीकडे सहा. हे पंचवीस किलो होडीच्या तळाशी ठेवले असते, तर फारसे बिघडले नसते. ते डोक्याच्या वर ठेवले, की होडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि एका बाजूस कललेली होडी पुन्हा सरळ होण्यास नाखूश होते.

वजनाहून मोठा शत्रू म्हणजे वारा. ताशी चाळीस किलोमीटर वेगाचा वारा त्याच्यासमोर उभ्या असलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे साडेसात किलोंचा दाब देतो. वेग दुप्पट झाला, की दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. उन्हाची तिरीप अडविण्यासाठी आपण बाजूला दोन चौरस मीटरचा पडदा सोडला असेल आणि वळवाच्या पावसापूर्वीची वावटळ ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने आली, तर त्या पडद्यावर साठ किलोंचा जोर येतो. एखाद्या धडधाकट माणसाने छताला लोंबकळून होडी आडवी ओढावी, तसाच हा प्रकार होय. सावलीसाठी लावलेले कापड अशा वेळी शीड बनते; आणि शिडाची होडी चालविण्याची तयारी आपण केलेली नसते.

म्हणून लहान होडीला घडीची टप उत्तम. टांग्याची किंवा सायकलरिक्षाची टप आपण पाहिलेली आहे. तशाच दोन-तीन कमानी, त्यांवर ताणलेले कापड आणि पुढे-मागे ताण देणारे पट्टे. आभाळ भरून आले, की पट्टे सोडावेत आणि टप मागे मिटून बांधून टाकावी.

कापडाची निवडही जपून करावी. साधी प्लॅस्टिकची ताडपत्री स्वस्त खरी, पण उन्हाने ती लवकरच तडकते. सुती कॅनव्हास ओलसर राहिला, की कुजतो. ज्याच्या तंतूतच रंग मुरविलेला असतो, असे ॲक्रिलिक कापड महाग पडले तरी अधिक टिकते. मात्र शिलाईचा दोराही ऊन सोसणारा हवा, कारण पुष्कळदा कापडाआधी शिवणच उसवते. कापड उताराचे आणि ताठ असावे. एका चौरस मीटरच्या खोलगट भागात दोन सेंटिमीटर पाणी साचले, तर वीस किलोंचे ओझे माथ्यावर येते. रंग वरून फिका असावा, म्हणजे ऊन परतविले जाते. आतून थोडा गडद असावा, म्हणजे पाण्यावरून उसळलेला प्रकाश छताला लागून डोळ्यांवर येत नाही. गोड्या पाण्यात ॲल्युमिनियमच्या नळ्या बरीच वर्षे टिकतात. कोकणच्या खाडीत खाऱ्या हवेला तोंड देणारे उंची प्रतीचे गंजरोधक पोलाद वापरणे बरे.

उंचीविषयी एक गैरसमज आढळतो. उंच छताखाली मोकळे वाटते, पण सावली निसटते. भिलाई सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेअखेरीस भरदुपारी सूर्य थेट माथ्यावर असतो. डिसेंबरात त्याच वेळी तो क्षितिजापासून सुमारे ४५ अंशांवरच असतो. अशा वेळी बसलेल्या माणसाच्या वर एक मीटरवर छत असेल, तर त्याची सावली एक मीटर बाजूला सरकते; सूर्य ३० अंशांवर उतरला, की पावणेदोन मीटर सरकते. छत जितके खाली, तितकी सावली अंगावर राहते आणि होडीही स्थिर राहते. चालविणाऱ्याला चहूबाजूंना दिसेल एवढे भान मात्र ठेवावे. तिरपे ऊन उरतेच. त्यासाठी पडद्यापेक्षा रुंद काठाची टोपी आणि लांब बाह्यांचा सदरा बरा.

पडदे न लावण्याचे आणखी एक कारण आहे. बंदिस्त जागेत पेट्रोलची वाफ साचते. ती हवेहून जड असल्यामुळे तळाशी दडून राहते आणि एका ठिणगीने पेट घेते. शिवाय होडी उलटलीच, तर अंगावरचे तरणजाकीट माणसाला वर ढकलते, आणि वर पाटा किंवा छत असते. बाजू मोकळ्या असतील, तरच तो निसटू शकतो. हे केवळ तर्काने म्हणत नाही. ७ मे २०२३ रोजी केरळातील तानूर येथे दुमजली प्रवासी होडी उलटून बावीस माणसे गेली. त्याआधी ३० सप्टेंबर २००९ रोजी त्याच राज्यात तेक्कडीच्या जलाशयात दुमजली होडी कलंडून पंचेचाळीस जणांचा अंत झाला होता. त्या नौका मोठ्या होत्या, आपली होडी लहान. पण उंचावरचे ओझे आणि एका अंगाला झुकलेली माणसे यांचा नियम दोन्हींना सारखाच लागू पडतो. आपल्या छतावर कोणी चढू नये, सामानही ठेवू नये; ते छत आहे, माडी नव्हे. टप बसविल्यावर होडी तपासणाऱ्या अधिकाऱ्यास दाखवावी, हेही आवश्यक आहे.

तेव्हा खुर्सीपारच्या आपल्या चार मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते. पोलाद ही तुमच्या गावची शान आहे. ते कारखान्यात आणि पुलांत शोभते, होडीच्या माथ्यावर नको. नवी टप प्रथम काठाजवळच्या उथळ पाण्यात उघडून पाहावी. तरणजाकिटे घालून सर्वांनी होडीत बसावे, आणि एकट्या माणसाने ती मिटवून दाखवावी. अर्ध्या मिनिटात ती मिटली, तर निवड योग्य झाली असे समजावे. नाहीतर त्या दिवशी डोक्याला पंचा बांधून काठावरच्या झाडाखाली बसावे, आणि टप नीट करून मगच पाण्यात उतरावे.